चौदा मीटर

मेव्हण्याच्या शिडाच्या होडीवरून काढलेलं, पाण्याची खोली दाखवणारं जुनं यंत्र सूर्यकांतने फरीदाबादच्या आपल्या वर्कशॉपमध्ये टेबलावर ठेवलं. नवं बसवायला त्यानंच भाग पाडलं होतं. वीस वर्षं जुन्यावर भिस्त ठेवलेला भालचंद्र महिनाभर रुसला होता.

बॅटरी जोडताच आकडा उजळला. १४. पाण्यात सोडायचा सेन्सर तर जोडलेलाच नव्हता.

त्यानं मालवणला फोन लावला.

"बोला दिल्लीकर! होडी घेऊन बाहेर पडलोय, समुद्रात आहे."

"नवं यंत्र किती दाखवतंय?"

"चौदा मीटर."

टेबलावर ११.

"आणि आता?"

"चौदाच. भाऊजी, दर मिनिटाला विचारणार का? आमची आईसुद्धा इतकी मागे लागत नाही."

७.

"यार, ऐक माझं. किनाऱ्याकडे वळव."

"कशाला? केवढं शांत आहे इथे."

३.

सूर्यकांतने बॅटरीची वायर उपसून काढली. आकडा विझला नाही.

०.

"भालचंद्र?"

"ऐकतोय ना." आवाज अगदी नेहमीचा होता. "बाकी भाऊजी, होडीच्या तळाला रंग द्यायला हवाय. इथून स्पष्ट दिसतंय."