भूक लागेपर्यंत

मशीनने पुन्हा शून्याच्या आसपासचाच आकडा दाखवला. ताईने डोळे चोळले. आकडा तोच.

"मेल्या का गं सगळ्या?" लंबूने विचारलं. प्रयोगशाळेत तो तिच्यानंतर आलेला, म्हणून ही त्याची ताई.

"कसल्या मरतायत! मस्त फुगल्यात. नुसत्या बसून आहेत."

यीस्टच्या पेशी होत्या त्या. खूण लावलेलं अमिनो आम्ल त्यांच्याभोवती सोडायचं, आणि आवरणातल्या दारांमधून किती आत गेलं ते मशीनवर मोजायचं. साध्या पेशींनी ते भराभर आत ओढायला हवं होतं. मुख्य दार काढून टाकलेल्यांनी जवळजवळ नाहीच. तो फरक दिसला की ताईचा प्रबंध पुरा. नाही दिसला, तर मार्गदर्शक मॅडम विषयच बदलायला लावणार होत्या. आणि मशीन तर आज संध्याकाळीच दुसऱ्या संस्थेत चाललं होतं.

ताईने बाटली उजेडात धरली. "लंबू, काल यांचं खाणं तू बनवलंस ना? काय काय घातलंस?"

"तू किती दमली होतीस, म्हणून म्हटलं आपणच करू. तू सांगितलेलं नत्र अगदीच चिमूटभर होतं गं. मी अमोनियाचा क्षार घातला वरून. सढळ हाताने! बिचाऱ्या उपाशी राहिल्या असत्या."

ताई स्टुलावर बसली. ओरडायलाही अंगात त्राण नव्हतं.

"अरे शहाण्या, उपाशीच ठेवायच्या होत्या. अमिनो आम्ल त्या नत्रासाठीच खातात. नत्र असं आयतं मिळालं की त्या ते दार आत ओढून घेतात. कशाला उघडं ठेवतील?"

लंबूचं तोंड एवढंसं झालं. "मग आता?"

"धुऊन काढ. नत्र नसलेल्या पाण्यात ठेव."

"किती वेळ?"

"भूक लागेपर्यंत."

दुपार उतरल्यावर ताईने पेशींना परत अमिनो आम्ल दिलं, गाळल्या, बर्फगार पाण्याने धुतल्या, नमुने मशीनमध्ये लावले. मग भिंतीला डोकं टेकलं, ते तशीच झोपली.

दार काढलेल्या पेशींचा आकडा शून्यालगतच राहिला. साध्या पेशींचा हजारांवर गेला. लंबूने तिला हलवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तेवढ्यात ढकलगाडी घेऊन मशीनवाले आलेच. लंबू दोन्ही हात पसरून चौकटीत उभा राहिला.

"हळू बोला हो. अजून दोन नमुने आहेत. किती आत गेलं, कळू दे."

"काय गेलं आत?" पुढच्याने त्याच्या काखेखालून डोकावलं.

आत तोंड उघडं टाकून एक मुलगी झोपली होती.