खाटेसाठी आलेली गाडी

नवऱ्याचा, धोंडिबाचा, श्वास घरघरायला लागला तशी हौसाक्काने पुन्हा दवाखान्याला फोन लावला.

"आजी, आजोबा दवाखान्यात भरतीच आहेत की," पलीकडची मुलगी गोडपणे म्हणाली.

"अगं, ते घरीच पडलेत, ही माझी बाज आहे! माझ्या बापानं विणलेली!"

"पट्टी बांधलीय ना तिला? मग ती दवाखान्याचीच खाट. गाडी नाही मिळणार."

गेल्या वर्षी सरकारने घरोघरच्या बाजांना ताप-नाडी मोजणारी पट्टी बांधली. देशातल्या दवाखान्यांच्या खाटा एका दिवसात दुप्पट झाल्या, म्हणून चावडीवर पेढे वाटले. डॉक्टर एकही वाढला नव्हता.

हौसाक्काने धोंडिबाला कवेत घेऊन भुईवर उतरवलं. शेजारीण किंचाळली, "अगं, जित्या माणसाला खाली काय घेतेस?"

"मरायला नाही घेतलं!" म्हणत तिने कोयत्याने पट्टी तोडली.

थोड्या वेळात सायरन वाजवत गाडी आली. दोघे जण अवजारं घेऊन उतरले. "खाट कुठाय? देशाचा खाटांचा आकडा एकानं कमी झालाय!"

हौसाक्का कोयता घेऊन दारात उभी राहिली. "आधी माझा माणूस गाडीत घाला. मग बांधा तुमची पट्टी."

दोघांनी कोयत्याकडे पाहिलं आणि धोंडिबाला उचललं.