पान एक्केचाळीस

"पान एक्केचाळीस कुठंय?" लेकीच्या पायातल्या चपला निघायच्या आत म्हाताऱ्याने विचारलं.

ती दारातच थबकली. म्हातारा खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता. पुढ्यात तिच्या कवितासंग्रहाची प्रुफं, हातात लाल पेन. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढून त्याने घर चालवलं होतं. आता लेकीच्या काढत होता, त्याही फुकट.

"आलं नसेल. छापखान्यात सगळा सावळा गोंधळ असतो," ती म्हणाली.

"गोंधळ त्यांचा नाही. अनुक्रमणिकेत आहे ना. 'नखं', पान एक्केचाळीस. आणि आत बघावं तर चाळीसनंतर एकदम बेचाळीस. मी आधी अनुक्रमणिका जुळवतो, तुला काय माहीत नाही?"

माहीत होतं. जन्मभर बघितलं होतं. तरी गठ्ठ्यातून ते एक पान हळूच काढून घेताना अनुक्रमणिका तिच्या ध्यानात आली नाही. प्रूफरीडरची मुलगी, आणि चोरी करावी ती अशी.

"माझ्याकडे राहिलं असेल. बघते घरी."

"काही नको. छापखान्यात फोन केला. मघाशीच माणूस देऊन गेला." त्याने गठ्ठ्याखालून एक पान ओढलं आणि समोर ठेवलं.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन म्हाताऱ्याबद्दल जे सांगितलं होतं, ते तिने रिक्षातच गिळून टाकलं होतं. घरी येऊन त्याला म्हणाली, अशक्तपणा आहे, टॉनिक दिलंय. पण कविता लिहिणाऱ्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. आठवड्यात कविता झाली. बाप इकडे चहात साखर कमी म्हणून कुरकुरतोय, आणि कवितेत ही त्याला पोचवून मोकळी झालेली. तिला त्या कवितेची लाज वाटत होती आणि संग्रहात तीच एक खरी होती.

"वाचलंत?"

"आता घेतो."

त्याने स्टीलची पट्टी पानाच्या तळाशी ठेवली. त्याची पद्धतच ती. खालून वर जायचं, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते, असं तो सांगायचा. अशी हजारभर पुस्तकं त्याने वाचली होती आणि एकाचीही गोष्ट त्याला सांगता आली नसती. तिची सगळी आशा आता त्या पट्टीवर होती.

"बाबा, ही राहू द्या. काढूनच टाकणार आहे मी. जमली नाहीये."

"जमली की नाही ते लोक बघतील. माझं काम काना-मात्रा."

ती बसली, उठली. माठातून पाणी घेतलं आणि भांडं तसंच ओट्यावर ठेवलं. खिडकी लावली, परत उघडली.

"पायाला भिंगरी लागलीय का? उजेड अडवू नकोस."

ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. पट्टीवर शेवटची ओळ होती. 'ती परत आली नाहीत.' पेनाचं टोक उजवीकडून डावीकडे एकेका शब्दावर टेकत गेलं. पट्टी वर सरकली. 'शेवटी मी तुझी नखं कापली.' आणखी वर. 'मग तुझे हात थरथरू लागले.' पेन थरथरत होतंच, ते तसंच थरथरत पुढे गेलं. 'तू म्हणायचास, रडू नको, परत येतील.' आणि सगळ्यात वर, 'तू माझी नखं कापायचास, मी रडायचे.'

म्हाताऱ्याने पेनाला टोपण लावलं. एकही खूण केली नव्हती. सुटले बाई, असं तिला वाटलं.

मग त्याने पट्टी उचलली आणि पहिल्या ओळीखाली ठेवली. पट्टी खाली सरकली. आणखी खाली. चाळीस वर्षांत तिने त्याची पट्टी कधी खाली येताना पाहिली नव्हती. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

तळाशी पोचल्यावर त्याने पट्टी बाजूला ठेवली.

"कवितेत मला अरे-तुरे करतेस," तो म्हणाला.

"कवितेत चालतं, बाबा."

"चालतं. बरं वाटतं ऐकायला." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मग ते टॉनिक कशाला पाजतेस? कडूजहर आहे."

सांगायला हवं होतं, एवढंच ती कसंबसं म्हणाली आणि रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, नाक ओढत.

"काढून टाकते मी हे पान," ती म्हणाली.

"मुळीच नाही. सगळी अनुक्रमणिका परत जुळवत बसावं लागेल." त्याने पान गठ्ठ्यात चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये सरकवलं, चारी कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या.

मग टेबलावरची जागा मोकळी करून त्याने दोन्ही हात तिच्यासमोर पसरले.

"नेलकटर आण," तो म्हणाला. "आलीत बघ परत."