पाहणीचा फॉर्म

चर्चकडून पाहणीला आलेल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "रविवारच्या मिस्साला येणं का बंद केलंत, ते इथे लिहा. नाव नको."

"हे वाचणार कोण?" आईने विचारलं.

"फादर स्वतः."

आईने शेजारी बसलेल्या मुलीचा हात घट्ट धरला आणि लिहिलं, 'गुडघेदुखी'.

बाई हसल्या. "अख्ख्या गल्लीचे गुडघे एकदम कसे गेले हो, ताई?" मग त्यांचं हसू थांबलं. "आजचं हे पाचवं घर. पाचही घरांतली मुलं फादरांच्या गाण्याच्या क्लासला जायची."

आईने पेन खाली ठेवलं.

"माझा मुलगा अजून जातो," बाई हळूच म्हणाल्या. "आत्ताही तिथेच आहे."

आईने तोंड उघडायच्या आत मुलगीच बोलली, "मावशी, पळत जा."