आठवा आणि नववा यांच्या मधे

लिफ्ट आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मधे थांबली. जाळीच्या दारापलीकडे नुसती भिंत होती आणि भिंतीवर कुणी तरी कधी काळी खडूनं ओढलेला एक बाण.

"अडकली," लिफ्टमन म्हणाला. तो बटणांच्या फळीला पाठ लावून उभा होता. हात थरथरत होते.

नकाशेवाल्या मॅडम बाणाकडे बघत राहिल्या. "किती वेळ लागेल?"

"कसं सांगू? घाई आहे का तुम्हाला?"

"नाही. गच्चीवर जरा मोकळी हवा घ्यावी म्हटलं."

सहाव्या मजल्यावर नकाशे काढायची कचेरी होती. मॅडम तिथं चार वर्षं होत्या. रोज सकाळी लिफ्टमध्ये पाय ठेवता ठेवता विचारायच्या, "काय काका, आज किती जणांना वर पोचवलं?" तो म्हणायचा, "वर पोचवणारा वेगळा, मी नुसता उचलतो." आज त्यांनी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी नेलेली त्याची छत्री मात्र आठवणीनं आणली, दांडा पुसून. आणि एक पाकीट. "संध्याकाळी माझी ताई येईल, तिला द्या."

लिफ्टमननं पाठ न हलवता हात लांबवून फळीवरचा काळा फोन उचलला. पलीकडून इमारतीच्या मॅनेजरचा आवाज आला, लिफ्टभर ऐकू जाईल असा. "परत? या महिन्यात तिसऱ्यांदा. मागच्या वेळी काय सांगितलं होतं तुला? मेकॅनिक पाठवतो. उद्या दहाला माझ्या खोलीत ये. किल्ल्या घेऊनच ये."

लिफ्टमननं फोन ठेवला. कपाळावर घाम आला होता.

"नोकरी गेली माझी," तो म्हणाला. "मॅडम, मला काही तरी होतंय. छातीत पाखरू शिरल्यासारखं."

मॅडमनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "बसा खाली."

"नको. बसलो तर उठवणार नाही. गुडघे." तो ओशाळून हसला. "आणि गंमत बघा, मी शनिवारी वर्गाला जातो. वाचनालयात भरतो. रोजच्या जगण्यातलं मानसशास्त्र. आमची ही म्हणते, चौदा बटणं दाबायला मन कशाला शिकायला लागतं?"

"मग काय शिकवलं?"

"घाबरलं की पायाखालची जमीन आठवायची."

"आठवा मग."

"कुठाय जमीन? पायाखाली आठ मजले पोकळ."

मॅडमच्या ओठांची एक कड हलली. "अजून काय शिकवलं?"

"गृहपाठ असतो. रोज ओळखीच्या एका माणसात झालेला एक बदल वहीत टिपायचा. बायको म्हणाली, मी केस कापले ते तुम्हाला चार दिवस दिसलं नाही, तुम्ही काय डोंबल टिपणार."

आता मात्र त्या हसल्या. हसू आलं तसं विरलंही, पाण्यावरच्या रेघेसारखं.

"काका, श्वास घ्या. चार मोजत आत. चार मोजत बाहेर."

"एकट्याला जमत नाही. तुम्ही पण घ्या ना बरोबर."

त्यांनी घेतला. एक, दोन, तीन, चार. त्यानं मधेच आकडा चुकवला, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. तो परत चुकला. "लक्ष कुठंय तुमचं?" त्या शाळेतल्या बाईंसारख्या म्हणाल्या, आणि दोघं पुन्हा एकपासून सुरू झाले.

मॅडमच्या मुठीतला फोन वाजला. सहाव्या मजल्यापासून तो वाजत होता आणि त्या तो बंद करत होत्या.

"उचला की," लिफ्टमन म्हणाला. "आणखी एका माणसाचा आवाज कानावर पडला तर बरं वाटेल मला."

त्या थबकल्या. मग त्याच्या हातांकडे बघून त्यांनी फोन उचलला.

"किती फोन करायचे गं?" ताईचा आवाज लिफ्टभर पसरला. "जेवलीस का?"

"नाही. लिफ्टमध्ये अडकलेय. इथले काका घाबरलेत, त्यांना धीर देतेय."

"तू? तुला कोण देतंय?"

भिंतीवरच्या बाणाकडे मॅडमनी पाठ फिरवली. म्हणाल्या, "ताई, तू आत्ता येतेस?"

"निघालेच. खाली दाराशीच उभी राहते. हलू नकोस."

फोन बंद झाल्यावर त्या बराच वेळ डोळे पुसत होत्या. लिफ्टमन जाळीची भोकं मोजत राहिला.

"काका, तुमचा काही दोष नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "मॅनेजरला मी सांगते. मी होते ना इथं."

"उद्या दहाला?"

"उद्या दहाला."

"याल नक्की? मोठ्या माणसांसमोर मला बोलता येत नाही, मॅडम. तुम्ही आला नाहीत तर मी गेलोच म्हणून समजा."

"येईन म्हटलं ना."

"परत एकदा म्हणा."

"उद्या दहाला येईन," त्या म्हणाल्या, सावकाश, आपलाच आवाज ऐकत असल्यासारख्या. मग हात पुढं केला. "ते पाकीट द्या परत. ताईला आता मीच भेटणार आहे."

लिफ्टमननं खिशात हात घातला. पाकिटाबरोबर एक छोटी वही बाहेर आली आणि खाली पडून उघडली. मॅडमनी ती उचलली. पानावर आजची तारीख होती आणि खाली दोनच शब्द. छत्री परत.

त्यांनी मान वर केली. त्याचे हात अजून थरथरत होते.

"मेकॅनिक यायला अजून किती वेळ लागेल, काका?"

"त्याचं काही काम नाही," लिफ्टमन म्हणाला. त्यानं पाठ फळीपासून सोडवली, मघापासून पाठीखाली दाबून धरलेलं लिफ्ट थांबवायचं लाल बटण टक्कन बाहेर आलं, आणि त्यानं तळमजला लावला.