उजवीकडची वीट

"चेंडू मारला की काय करायचं?" ऋजुताने पाचव्यांदा विचारलं.

"बॅट टाकायची आणि उजवीकडच्या विटेकडे सुटायचं," उद्धव म्हणाला. "पाठ झालंय गं, माझे आई!"

कॉलेजच्या त्या तुकडीत सॉफ्टबॉल खेळलेली ऋजुता एकटीच. बाकी सगळे गल्लीतल्या क्रिकेटवर वाढलेले. मैदानात बेसच्या जागी चार विटा मांडल्या होत्या. हरणाऱ्या तुकडीने जिंकणाऱ्यांच्या प्राणिशास्त्राच्या जर्नलमधल्या आकृत्या काढायच्या, असं ठरलं होतं. जिंकायला दोनच धावा हव्या होत्या. ती तिसऱ्या विटेवर तयारीत उभी होती आणि शेवटचा गडी उद्धव होता.

त्याने असा टोला हाणला की चेंडू थेट घाणेरीच्या झुडपात गेला. चारही विटांना शिवून यायला वेळच वेळ होता. ऋजुताने धावत शेवटची वीट गाठली आणि वळून पाहते तर उद्धव बॅट उंचावून टाळ्या घेतोय.

"अरे, पळ!" ती किंचाळली.

तो पळाला. बॅटीसकट, सरळ चेंडू टाकणाऱ्या मुलीकडे. तिच्या पायाशी बॅट टेकवून ओरडला, "दुसरी घेऊ का गं?"

तोवर चेंडू उजवीकडच्या विटेवर पोचून उद्धव बाद झालाही होता, आणि सॉफ्टबॉलच्या नियमाने ऋजुताची धावही धरली गेली नाही.

ऋजुताने त्याच्या हातातली बॅट काढून घेतली आणि पेन्सिल दिली.

"गांडुळापासून सुरू कर."