नुसती नावं

“तेवढी ‘भाऊ-बहीण’ची ओळ पुसून टाक,” दादा खालून म्हणाला.

शिडीवरच्या पेंटरचा ब्रश हवेतच थांबला. सभागृहाच्या दारावरची पाटी होत आली होती. वर दोघांची नावं आणि खाली ‘वस्तीसाठी झिजलेले भाऊ-बहीण’. संध्याकाळी सत्कार होता.

“रंग ओला आहे, पुसता येईल,” पेंटर म्हणाला. “पण नुसती नावं ठेवली, तर कोण कुणाचं हे लोकांना कळणार कसं?”

“ज्यांना कळायचं त्यांना कळेल.”

वस्तीच्या समितीची सचिव लगबगीनं आली. दवाखान्यात नर्स होती ती, आणि ताईच्या पाळणाघरात लहानाची मोठी झालेली. “मामा, हे काय नवीन? सगळी वस्ती तुम्हाला त्याच नात्यानं ओळखते. वाटलं तर पुढच्या वर्षी बदलू.”

“पुढचं वर्ष कुणी बघितलंय?”

सचिवानं ताईकडे पाहिलं. ताईच्या हृदयाबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते तिनंच दादाला समजावून सांगितलं होतं.

ताई खुर्चीत बसून ऐकत होती. “दादा, तुझा हट्टीपणा काही जायचा नाही. बिचाऱ्याचे हात भरून आले असतील.”

“एवढं एकच ऐक माझं, ताई.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पेंटरला म्हणाली, “पूस बाबा. म्हाताऱ्यांच्या नादी लागू नये.”

दोघं या शहरात उतरली तेव्हा त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. कपडे शिवायच्या कारखान्यात ती काम मागायला गेली. मुकादमानं विचारलं, “बरोबर हा कोण?” ती म्हणाली, “माझा दादा.” तेव्हापासून तो सगळ्यांचाच दादा झाला आणि ती ताई.

वस्तीत नळ नव्हता, दिवे नव्हते. दोघांनी दारोदार फिरून माणसं गोळा केली, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. गावोगावाहून पोटासाठी आलेली माणसं. एकमेकांचं तोंड न बघणारी. ती हळूहळू एका सतरंजीवर बसायला लागली.

स्थळं दोघांनाही येत. ताई म्हणे, “आधी दादाचं होऊ दे.” दादा म्हणे, “आधी हिचं होऊ दे, मग माझं.” शेवटी लोकांनी नाद सोडला. “तुमच्या या आधी-नंतरमध्ये दोघंही राहणार,” शेजारीण चिडवायची. दोघं हसायची.

सगळ्यात मोठी लढाई कारखान्याशी झाली. लग्न झालेल्या बाईला तिथं कामावर ठेवत नसत. ताईनं त्याविरुद्ध संपाची हाक दिली, तेव्हा भरसभेत मालकाच्या माणसानं तिला डिवचलं. “तू बिनलग्नाची. तुला कशाला एवढा पुळका?”

सभा हसली. ताई शांतपणे म्हणाली, “माझा यात काडीचाही फायदा नाही. म्हणून तर बोलतेय.”

हसणं थांबलं. त्या एका वाक्यावर लोकांनी संप केला आणि तो नियम गेला.

सभेवरून घरी येताना दादा म्हणाला होता, “आता हे वाक्य जन्मभर सांभाळावं लागेल.”

“सांभाळू,” ती म्हणाली होती.

पुढे पाळणाघर निघालं. दुसऱ्यांची कितीतरी पोरं ताईच्या मांडीवर झोपली. ती पोरं तिला मावशी म्हणत आणि दादाला मामा. एखादं पोर झोपेत ताईचं बोट घट्ट धरी, तेव्हा ती तासभर जागची हलत नसे.

संध्याकाळी पाटीवरचं कापड सरकलं. वर दोन नावं, खाली पुसलेल्या रंगाचा फिकट डाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईला बोलायचा आग्रह झाला. “आम्हाला इथं माणसं मिळाली,” एवढंच बोलून ती बसली. दादा मान वर करून पाटीकडेच बघत होता.

सचिवानं दोघांना घरी सोडलं, ताईच्या गोळ्या हातात दिल्या आणि ती गेली. दोन खोल्यांचं घर. पुढची खोली समितीची. दिवसभर दार उघडं, कुणीही न विचारता आत यावं. दादानं दाराला कडी लावली. पडदा ओढला. मग खाली बसून ताईच्या सुजलेल्या पायांतल्या चपला काढायला लागला.

तिनं त्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “लग्नपत्रिकेनंतर आज पहिल्यांदा आपली नावं शेजारी शेजारी आली.”